तोल जाणारं पिल्लू

चालायला लागल्यापासूनच कुत्र्याचं पिल्लू पाय फेंगडे टाकत डुलत असेल, वाटीजवळ तोंड नेताना मान थरथरत असेल, तर बहुधा त्याचा लहान मेंदू पुरता वाढलेला नसतो. हा दोष बरा होत नाही, पण वाढतही नाही. असं पिल्लू सहसा वर्षानुवर्षं मजेत जगतं. त्याला मरण देऊन 'सोडवायची' घाई करू नका.

घरातली शहाबादी फरशी मात्र त्याची वैरीण. तिच्यावर पोतं किंवा जुनी सतरंजी अंथरा, पाय घसरत नाहीत. जेवणाची वाटी जड घ्या आणि छातीच्या उंचीला ठेवा. विहीर, जिना, रस्ता यांपासून दूर राखा. यवतमाळच्या उन्हाळ्यात पाणी त्याच्या तोंडाशी न्यावं लागतं; सावलीपर्यंत ते स्वतःहून पोचेलच असं नाही.

धडधाकट कुत्रा अचानक झोकांड्या खाऊ लागला तर गोष्ट वेगळी. डिस्टेंपर असू शकतो, रेबीजही. लाळ गळत असेल तर तोंडात हात घालू नका, पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. डिस्टेंपरची लस पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून देतात. टिपेश्वर अभयारण्यालगतच्या गावांनी ती टाळू नयेच. डिस्टेंपरचा विषाणू वाघांनाही लागतो, आणि 2018 मध्ये गीरच्या सिंहांत तो आढळला होता.