भाजक्या शेंगदाण्यांचे कूट : खमंगपणा आणि पोषण

भुईमूग ही मूळची दक्षिण अमेरिकेतील शिंबावर्गीय, म्हणजे हरभरा व तूर यांच्याच कुळातील, वनस्पती असून तिच्या १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने, ४८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आणि ८ ग्रॅम तंतुमय घटक असतात. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ असल्यामुळे उपासाच्या खिचडीतील प्रथिनांचा मुख्य वाटा दाण्याच्या कुटाचाच असतो.

मंद आचेवर दाणे भाजताना त्यांतील शर्करा आणि अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे मूळ घटक, यांच्यात ‘मेलार्ड अभिक्रिया’ घडून तांबूस रंग व खमंग वास येतो, पाणी उडाल्याने दाणा कुरकुरीत होतो आणि साल सुटते. मात्र उष्णतेमुळे थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, काही अंशी नष्ट होते. जाडसर कूट कोशिंबिरीत सुटे राहते, तर बारीक कुटाला तेल सुटून भरल्या वांग्यांच्या रश्शाला दाटपणा येतो.

बुरशी लागलेले वा सुरकुतलेले दाणे आधीच निवडून टाकणे आवश्यक असते, कारण त्यांत असू शकणारे अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक असलेले बुरशीजन्य विष भाजल्यानेही पूर्णपणे नाहीसे होत नाही.