डॉक्टर, सिस्टर आणि सुईण: कायदा नेमकं काय सांगतो?

परभणीतून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती आणि त्यातली बहुतेक माणसं खेड्यापाड्यांत राहणारी. २०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं, पण सेनगाव किंवा औंढा नागनाथच्या एखाद्या गावात रात्री बाईला कळा सुरू झाल्या, की आजही आधी शोधतात ते आशाताईला आणि उपकेंद्राच्या सिस्टरला, म्हणजे एएनएमला. ही सिस्टर डॉक्टरांशिवाय काय करू शकते, डॉक्टरांची जबाबदारी कुठे सुरू होते आणि काही चुकलं तर कोण उत्तर देणार, याबद्दल पारावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बरंच उलटसुलट बोललं जातं. त्यातले सात गैरसमज इथे तपासून पाहू.

गैरसमज १: सिस्टरला किंवा मिडवाइफला काम करायचं तर डॉक्टरांशी लेखी करार लागतो.

वस्तुस्थिती: ही गोष्ट अमेरिकेतली. तिथल्या अनेक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला, म्हणजे जादा शिकून स्वतः उपचार करणाऱ्या परिचारिकेला, एखाद्या डॉक्टरांबरोबर लेखी करार करावा लागतो. तिथेही सगळीकडे तसं नाही. न्यूयॉर्क राज्याने मिडवाइफसाठी ही अट २०१० मध्येच काढून टाकली.

आपल्याकडे असा करार नाहीच. परिचारिकेची नोंदणी होते महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली, राज्याच्या परिचर्या परिषदेकडे. डॉक्टरांची नोंदणी होते वैद्यक परिषदेकडे. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाचे २००२ चे विनियम आहेत. परिचर्या हा एक व्यवसाय आहे हे डॉक्टरांनी मानावं आणि गरज पडेल तिथे परिचारिकांचं सहकार्य घ्यावं, असं त्यात थोडक्यात सांगितलं आहे. बाकी सगळं ठरतं ते तिचं प्रशिक्षण, तिचं पद, शासनाच्या मार्गदर्शक सूचना आणि रुग्णालयाचे लेखी स्थायी आदेश यांवरून. प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी उपकेंद्रावर देखरेख ठेवतात, पण ती त्यांच्या नोकरीचा भाग म्हणून. कुठल्या करारामुळे नव्हे.

गैरसमज २: सुईण, आशाताई, एएनएम, मिडवाइफ, सगळ्या एकच.

वस्तुस्थिती: या चौघींची कामं वेगळी आणि कायद्याच्या नजरेत स्थानही वेगळं. सुईणीकडे अनुभव असतो, नोंदणी नसते. आशाताईचं काम गरोदर बाईची नोंद करून देणं, तपासण्यांची आठवण करणं, दवाखान्यात सोबत जाणं. बाळंतपण करणं तिच्या कामात बसत नाही. एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी झालेली असते. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा.

यापुढची पायरी आहे नर्स प्रॅक्टिशनर मिडवाइफ. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या, बाळंतपणाचा अनुभव असलेल्या परिचारिकांना अठरा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण द्यायचं आणि मोठ्या रुग्णालयांत नैसर्गिक बाळंतपणाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवायची, अशी ही कल्पना. गुंतागुंत दिसली की स्त्रीरोगतज्ज्ञ पुढे येतात. तेलंगणाने हा प्रयोग त्याच्याही आधी सुरू केला होता. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही भारतीय परिचर्या परिषदेने आखला आहे. म्हणजे भारतात 'नर्स प्रॅक्टिशनर' आहे, पण ती रुग्णालयाच्या चौकटीत काम करते. स्वतःची पाटी लावून, स्वतःच्या सहीने वाटेल ते औषध लिहिण्याची मुभा तिला नाही.

गैरसमज ३: डॉक्टर हजर नसताना सिस्टरने बाळंतपण केलं तर तो गुन्हा.

वस्तुस्थिती: नैसर्गिक बाळंतपण करणं हे प्रशिक्षित एएनएमचं कामच आहे. त्यासाठीच तिला शिकवलेलं असतं. तिची हद्द कुठे संपते, हे बघायचं असेल तर प्रसूतिकक्षातला पार्टोग्राफचा कागद बघावा.

गर्भाशयाचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की सिस्टर हा तक्ता भरायला घेते. बाळाचे ठोके आणि कळा दर अर्ध्या तासाला, तर तोंड किती उघडलं हे साधारण दर चार तासांनी. तक्त्यावर दोन तिरप्या रेषा छापलेल्या असतात. पहिली सावधतेची, दुसरी तिच्यापासून चार तासांच्या अंतरावर, कृतीची. सगळं सुरळीत असेल तर सिस्टरच्या खुणा पहिल्या रेषेच्या डाव्या बाजूला राहतात. खूण ती रेषा ओलांडून उजवीकडे सरकली, की थांबायचं नाही, बाईला मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी करायची. दुसऱ्या रेषेपर्यंत वाट बघत बसणं म्हणजे उशीर करणं. उपकेंद्रातल्या सिस्टरने कधी डॉक्टरांना गाठायचं, हे या कागदावर आधीच आखून ठेवलेलं आहे.

काही औषधंही याच हिशेबाने तिच्या हातात दिलेली आहेत. बाळ जन्मल्यावर रक्तस्राव रोखण्यासाठी ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन ती देते. गरोदर बाईला झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन तिला पुढे पाठवते. पुढचे डोस आणि पुढचे निर्णय डॉक्टरांचे.

खाजगी प्रसूतिगृहांचीही एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ नुसार प्रसूतिगृहात पात्र मिडवाइफ नसेल तर तेवढ्या कारणावरून नोंदणी नाकारता येते. नामांकित डॉक्टर आहेत, पण बाळंतपणाच्या खोलीत कुणीतरी 'शिकवून तयार केलेली' मुलगी उभी आहे, हे या कायद्याला चालत नाही.

गैरसमज ४: सिस्टरने गोळ्या देणं बेकायदा. किंवा याच्या अगदी उलट, ती कुठलीही गोळी देऊ शकते.

वस्तुस्थिती: दोन्ही टोकं चूक. औषध व प्रसाधने नियम, १९४५ च्या अनुसूची 'के'मध्ये उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना सवलत आहे. शासकीय आरोग्य किंवा कुटुंबकल्याण कार्यक्रमात पुरवलेली औषधं एएनएम, बहुउद्देशीय कर्मचारी, अगदी अंगणवाडी सेविकाही दुकानाच्या परवान्याशिवाय देऊ शकतात. लोहाच्या गोळ्या, ओआरएस, गर्भनिरोधक गोळ्या या वाटेने घराघरात पोचतात. ही सवलत कार्यक्रमातल्या औषधांपुरती. मेडिकलमधून आणलेलं सलाइन कुणाच्या घरी जाऊन लावणं तिच्यात येत नाही.

गर्भपाताचं तर सरळच आहे. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा, त्यात मोठी दुरुस्ती २०२१ ची. गर्भपात करायचा तो कायद्याने सांगितलेलं प्रशिक्षण किंवा अनुभव असलेल्या नोंदणीकृत आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनीच. सिस्टर त्यांना मदत करू शकते, निर्णय आणि जबाबदारी तिची नाही. गर्भपाताची गोळी तिने स्वतःहून देणं तर मुळीच नाही.

गैरसमज ५: उपकेंद्रावरचे सीएचओ म्हणजे २०१९ च्या कायद्याने परवाना मिळालेले छोटे डॉक्टर.

वस्तुस्थिती: राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' ही तरतूद आहे. त्याच्या मर्यादा कलमातच दिल्या आहेत. असे परवाने नोंदणीकृत डॉक्टरांच्या संख्येच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाहीत. ठरवून दिलेली औषधं स्वतंत्रपणे लिहिता येतात ती फक्त प्राथमिक आणि प्रतिबंधक आरोग्यसेवेत, एरवी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

पण आपल्या उपकेंद्रांवरचे समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजेच सीएचओ, या कलमातून आलेले नाहीत. ते आले आयुष्मान भारत योजनेतून; तिच्यातल्या आरोग्य केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पूर्ण करून ते रुजू होतात. महाराष्ट्रात त्यांच्यात बी.एस्सी. नर्सिंग झालेले आहेत, तसे बीएएमएस झालेलेही बरेच आहेत. रक्तदाब किंवा साखरेच्या रुग्णाचं निदान आणि उपचाराची आखणी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी करतात. पुढे दर महिन्याच्या गोळ्या देणं, तपासणं आणि आकडे बिघडले तर परत डॉक्टरांकडे पाठवणं हे सीएचओंचं काम.

गैरसमज ६: डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि सिस्टरने औषध दिलं, तर तो तोंडी कारभार, कायद्यात त्याला जागा नाही.

वस्तुस्थिती: २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत याला रीतसर जागा दिली आहे. रुग्ण, मध्ये आरोग्य कर्मचारी आणि पलीकडे डॉक्टर, अशी ती रचना. या सूचनांनुसार कर्मचारी म्हणजे परिचारिका, एएनएम किंवा शासनाने नेमलेला दुसरा कुणी. तिने आधी रुग्णाची ओळख पटवायची. आरोग्य कर्मचाऱ्याने सल्ला सुरू केला असेल तर रुग्णाची संमती स्पष्ट शब्दांत घ्यावी लागते, गृहीत धरून चालत नाही. दूरवरून मिळणाऱ्या सल्ल्याच्या मर्यादाही समजावून सांगायच्या. मग तपासणी करून जे दिसलं ते डॉक्टरांना कळवायचं. निदान आणि औषधयोजना डॉक्टरांची, जबाबदारीही त्यांचीच. रुग्ण अत्यवस्थ असेल तर तिने प्रथमोपचार करून त्याला हलवायची सोय बघायची. ई-संजीवनी या शासकीय टेलिमेडिसिन सेवेवरची सल्लामसलत याच चौकटीत होते.

गैरसमज ७: काही चुकलं की सगळं सिस्टरवर ढकलता येतं.

वस्तुस्थिती: सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. परिचारिकेने चुकीचं इंजेक्शन दिल्याने एका मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली. तिच्या पात्रतेचाच प्रश्न होता. रुग्णालयाला जबाबदार धरलं गेलं आणि मुलासाठी साडेबारा लाख, आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई कायम झाली. अपात्र माणसाच्या हाती काम सोपवणारा सुटत नाही, हा त्याचा साधा अर्थ. मात्र नोंदणीकृत परिचारिकेने आपली हद्द ओलांडली तर तिलाही तिच्या परिषदेपुढे उत्तर द्यावं लागतं.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व मिडवाइफरी आयोग कायदा मंजूर केला. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला गेला. पण कायदा कुठलाही असो, वसमत किंवा कळमनुरीतल्या घराला त्यातून तीन प्रश्न विचारता आले म्हणजे पुरे. बाळंतपण करणाऱ्या सिस्टरची परिषदेकडे नोंदणी आहे का? आमच्या बाईला काही जोखीम असल्याचं कार्डावर लिहिलंय का? आणि वेळ आली तर कुठल्या दवाखान्यात न्यायचं, हिंगोलीला की नांदेडला, आणि गाडी कुठली बोलवायची? जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला ने-आण करण्यासाठी १०२ ची गाडी मोफत आहे, अडचणीत १०८ आहे. हे प्रश्न नववा महिना लागायच्या आधीच विचारून ठेवा. चांगल्या सिस्टरला त्यांचा राग येत नाही आणि चांगल्या डॉक्टरांनाही.