धुऱ्यावरचा गप्पीदास

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर असो वा घाटाखाली पूर्णाकाठच्या काळ्या जमिनीत, कुंपणाच्या खुंटावर किंवा तुरीच्या शेंड्यावर एक लहानसा काळा पक्षी ताठ बसलेला आढळतो. यास गप्पीदास म्हणतात. दाणे टिपणारा समजून त्यास पुष्कळदा हाकलले जाते. वस्तुतः कीटक हेच त्याचे मुख्य खाद्य होय.

हा पक्षी चिमणीहून किंचित लहान, सुमारे 13 सेंटिमीटर लांबीचा असतो. नर काळाभोर असून त्याच्या पंखावरील पट्टा, कंबर व पोटाचा मागील भाग पांढरा असतो. मादी मातकट तपकिरी व कमरेस तांबूस असते. चिरकही काळाच, परंतु त्याची उभारलेली शेपटी व तिच्या बुडाखालील तांबूस रंग यांवरून तो निराळा ओळखावा.

लिनीअस याने 1766 मध्ये या जातीचे वर्णन केले. तिचे शास्त्रीय नाव सॅक्सिकोला कॅप्राटा. पूर्वी तिचा समावेश कस्तूर पक्ष्यांच्या कुलात होत असे. आता ती माशीमारांच्या मस्किकॅपिडी कुलात गणली जाते.

दाट रानापेक्षा उघडी शेते व विरळ झुडपे यास मानवतात. उंच जागेवरून तो जमिनीवर नजर ठेवतो, झेप घेऊन भुंगेरे, नाकतोडे, अळ्या टिपतो व पुन्हा जागेवर परततो. हरभऱ्यासारख्या ठेंगण्या पिकात अशी जागा नसते. म्हणून हेक्टरी सुमारे 20 पक्षिथांबे पिकाहून उंच उभारावेत. पेरणीवेळी ज्वारीचे थोडे दाणे मिसळल्यास तिची ताटेही उपयोगी पडतात. मात्र एवढ्यानेच घाटेअळीचा बंदोबस्त होत नाही. पिकाची पाहणी नियमित करावी.

फेब्रुवारी ते मे हा याच्या विणीचा प्रमुख काळ. धुऱ्याच्या किंवा नाल्याच्या दरडीतील भोकात घरटे करून मादी 3 ते 5 अंडी घालते. नेमके याच दिवसांत धुरे पेटविले जातात. त्या आगीत गवताबरोबर अंडी व पिलेही जळून जातात. शेतकरी बंधूंनी धुरा न पेटविता गवत कापून घ्यावे आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट उन्हाळ्यापूर्वीच त्यांच्या निदर्शनास आणावी.