'प्रोफेशनल' हॉब घेताय? किलोवॅटचा आकडा सगळ्यात शेवटी बघा

हॉटेलसारखी दणदणीत ज्योत, बिडाच्या काळ्या जाळ्या, स्टीलचे जाडजूड नॉब. कुकिंगचे रील्स बघितले की अशी शेगडी आपल्याही ओट्यावर असावी असं वाटतंच. ऑनलाइन शोधायला गेलं की 'प्रोफेशनल', 'शेफ' अशी नावं लावलेले हॉब समोर येतात आणि वर्णनात एक आकडा ठळक असतो: ४ किलोवॅट, ५ किलोवॅट. हा आकडा म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्यातले मेगापिक्सेल. खोटा नसतो, पण त्यावरून स्वयंपाक कसा होईल हे फारसं कळत नाही.

मुळात ही स्टाइल अमेरिकेतली. तिथे काही हौशी लोक हॉटेलची खरी शेगडी घरात बसवायचे. पण तिच्या बाजूंना उष्णता अडवणारं आवरण नसायचं, पायलट ज्योत दिवसरात्र जळत राहायची आणि भिंतीपासून बरंच अंतर सोडावं लागायचं. हे ओळखून मिसिसिपीमधल्या ग्रीनवूड गावच्या फ्रेड कार्ल यांनी दिसायला हॉटेलची पण आतून घरासाठी बनवलेली शेगडी तयार केली. त्यांच्या व्हायकिंग कंपनीची पहिली शेगडी १९८७ साली बाहेर पडली. तिकडे ताकद बीटीयूमध्ये मोजतात. १ किलोवॅट म्हणजे साधारण ३,४१२ बीटीयू, त्यामुळे १८,००० बीटीयूचा बर्नर म्हणजे सव्वापाच किलोवॅटच्या आसपास.

आता आपल्याकडचं गणित करू. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. एक किलो एलपीजीमधून साधारण १२.८ युनिट ऊर्जा मिळते (विजेच्या बिलातलं तेच युनिट). म्हणजे पूर्ण सिलिंडर झाला सुमारे १८० युनिटचा. २ किलोवॅटचा बर्नर फुल ठेवला तर तो ९० तास चालेल, ५ किलोवॅटचा जेमतेम ३६ तास. मोठ्या बर्नरवर पाणी लवकर उकळतं हे खरं. पण ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती उष्णता भांड्यात जात नाही, नुसतं स्वयंपाकघर तापतं. चार माणसांच्या वरणाच्या कुकरला ५ किलोवॅट देऊन काहीही हाती लागत नाही.

आणि हॉटेलात जी ज्योत घोंघावत असते ती घरच्या रेग्युलेटरवर मिळणारच नाही. घरगुती एलपीजी रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो आणि तो ठरलेला असतो. पाइप गॅसला तर २१ मिलिबारच. हॉटेलवाले जास्त दाबाचा, फिरवून कमीजास्त करता येणारा रेग्युलेटर लावतात आणि अनेक सिलिंडर एकत्र जोडतात. एकाच सिलिंडरमधून भराभर गॅस ओढला की आतलं द्रव वेगाने उकळतं, सिलिंडर गार पडतो, बाहेरून घाम फुटतो आणि दाब उतरतो. 'हाय प्रेशरवाला लावून देतो, बघा कशी ज्योत येते' असं सांगणारे कारागीर भेटतात. त्यांना सरळ नाही म्हणा. घरगुती हॉबचे व्हॉल्व्ह, जेट आणि नळी त्या दाबासाठी बनवलेलीच नसतात.

मग पैसे कशावर घालवायचे?

माझं उत्तर एकच: फ्लेम फेल्युअर डिव्हाइस, म्हणजे एफएफडी. दूध उतू गेलं किंवा खिडकीतून वारा आला आणि ज्योत विझली, तर साध्या शेगडीत गॅस वाहतच राहतो. घरात विसराळू आजी-आजोबा असोत किंवा हेडफोन लावून मॅगी करणारे आपण, धोका सारखाच. एफएफडी असेल तर गॅस आपोआप बंद होतो.

यातलं इंजिनिअरिंग मला फार आवडतं, कारण यात ना चिप आहे ना सॉफ्टवेअर. बर्नरजवळ एक बारीक दांडी उभी असते, ती थर्मोकपल. वेगवेगळ्या धातूंच्या जोडाचं टोक तापलं की त्यात काही मिलिव्होल्ट वीज तयार होते. तेवढ्याशा विजेवर एक छोटा विद्युतचुंबक गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत गेली की टोक गार होतं, वीज थांबते, चुंबक सुटतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. टोक गार व्हायला काही सेकंदांपासून मिनिटभर लागू शकतं, तेवढा गॅस मात्र बाहेर येतो. पेटवताना नॉब दोन-तीन सेकंद दाबून धरावा लागतो तो याच कारणाने, टोक तापेपर्यंत व्हॉल्व्ह तुमचं बोट धरून ठेवतं. 'ऑटो इग्निशन' म्हणजे एफएफडी नव्हे. ते फक्त ठिणगी पाडतं. दुकानात हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, म्हणून पेटवून आणि फुंकून दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट, सगळ्यात कमी आच. खीर किंवा दूध आटवायला मंद ज्योत न विझता टिकली पाहिजे. मोठ्या बर्नरमध्ये आत वेगळं छोटं वर्तुळ असेल तर हे जमतं. भाकरीवाल्यांनी उलटं बघायचं: तव्याच्या मधोमधच आच लागते की कडेपर्यंत पसरते?

तिसरं, गॅस कुठला. एलपीजीच्या जेटचं भोक बारीक असतं, पाइप गॅसचं मोठं, कारण तेवढ्याच आकारमानाच्या पाइप गॅसमध्ये ऊर्जा खूप कमी असते. पाइप गॅसच्या जेटवर एलपीजी सोडला तर मोठी, पिवळी, काजळी धरणारी ज्योत येते. मुंबई-पुण्यात भाड्याची घरं बदलताना हे हमखास विसरलं जातं. हॉबसोबत दोन्ही जेट मिळतात का ते विचारा आणि बदलायचं काम गॅस कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या.

आयएसआय मार्क खरा आहे का ते मोबाइलवरच कळतं. घरगुती एलपीजी शेगडीचं मानक आयएस ४२४६ आहे, त्यानुसार किमान ६८ टक्के उष्णता भांड्यात जायला हवी. मार्कजवळ सीएम/एल ने सुरू होणारा नंबर असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाका. परवाना कोणाचा, कुठल्या वस्तूचा आणि अजून चालू आहे का, सगळं दिसतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे.

ओट्यात बसवायचा हॉब असेल तर खालच्या कपाटाला जाळी हवीच. एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून जाळी तळाशी. पाइप गॅस हलका, तो वर जातो, म्हणून वरच्या बाजूला. आणि डक्ट नसलेली, हवा गाळून परत आत सोडणारी चिमणी तेल आणि थोडा वास पकडते, पण ज्वलनातून निघणारे वायू घरातच राहतात. मोठा बर्नर घेणार असाल तर डक्ट बाहेर काढा, नाहीतर खिडकी उघडी ठेवा.

घेतल्यानंतर

ज्योत निळी असेल तोवर फार डोकं लावायचं नाही. पिवळी झाली किंवा भांड्याचं बूड काळं व्हायला लागलं, की बर्नरला हवा कमी पडतेय. बर्नर गार झाल्यावर काढून कोमट साबणाच्या पाण्यात ठेवा, ब्रशने घासा, भोकं टाचणीने मोकळी करा आणि पूर्ण वाळवून बसवा. ओला बर्नर बसवला की इग्निशन नुसतं टिकटिक करत बसतं. टाचणी फक्त बर्नरच्या भोकांना, जेटला नाही. जेटचं भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅसचं प्रमाण बिघडतं.

नॉब सोडला की ज्योत विझत असेल तर लगेच नवा पार्ट मागवू नका. बहुतेकदा थर्मोकपलच्या टोकावर उतू गेलेल्या दुधाचा थर असतो. मऊ कापडाने पुसून बघा.

काच टफन्ड असली तरी गरम काचेवर गार पाणी ओतू नका. जाळीच्या बाहेर येणारा भलामोठा तवा किंवा पातेलंही नको, त्याच्याखाली उष्णता कोंडून काच तापते.

एलपीजीच्या रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी ती बदलायची. गळती बघायची असेल तर जोडांवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीच बघायचं नाही. वास आलाच तर कुठलंही बटण चालू किंवा बंद न करता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा. एलपीजी गळतीसाठीचा हा आपत्कालीन नंबर आहे. पाइप गॅसवाल्यांचा नंबर बिलावर असतो, तो आजच सेव्ह करून ठेवा.