परसबागेतील गावरान बियाणे

एकाच परिसराच्या माती-पावसात पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखलेले वाण म्हणजे गावरान बियाणे. संकरित, म्हणजे दोन भिन्न वाणांच्या संयोगातून तयार केलेल्या बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत विखुरतात, तर गावरान वाणाचे बहुतांशी टिकतात. म्हणूनच २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झालेल्या, अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना असे वाण जतन करून इतरांच्या परसबागांपर्यंत पोहोचवता आले. घेवड्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागांनी फळत असल्याने नवख्याने सुरुवात तेथून करावी. भोपळा व दोडका मात्र मधमाश्यांमुळे आपापल्या जातीच्या शेजारच्या वाणांशी सहज मिसळतात. बियाण्यासाठी निरोगी वेलावरील शेंगा पूर्ण वाळू द्याव्यात (खाण्याचा मोह येथे आवरावाच लागतो) आणि बी नीट सुकवून, राख मिसळून कोरड्या गाडग्यात झाकून ठेवावे.