पांढरी बाजू मोडताना

आमच्या टीव्हीच्या कपाटावर दीड वर्ष एक रुबिक क्यूब होता. लेकीचा. दोन महिन्यांत तिचं मन भरलं आणि तो धूळ खात पडला. एका दुपारी पुसता पुसता मी तो सहज हातात घेतला, उलटसुलट फिरवत बसले, आणि काय सांगू, तासाभरात एक बाजू लागली! नऊच्या नऊ चौकोन पांढरेशुभ्र. बाकीच्या पाच बाजूंवर रंगांची खिचडी होती, पण ती कोण बघतंय? पांढरी बाजू समोर करून मी क्यूब कपाटावर ठेवला आणि घरात ताकीद दिली, "कोणी हात लावायचा नाही."

त्याच क्यूबखाली एक कागद दाबलेला होता. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.साठी काय काय कागदपत्रं लागतात, ते मी मैत्रिणीकडून लिहून आणलं होतं. बारावी झाली आणि माझं लग्न झालं. कुरखेडा तालुक्यातलं माहेर सोडून मी मूलला आले. हे राईस मिलमध्ये हिशेब बघतात. दोन मुलं, सासूबाई, दोन खोल्यांचं चार खोल्यांचं घर झालं. सगळं जिथल्या तिथं. शिकायचं राहिलं होतं, पण "पाहू, मुलं मोठी झाली की" म्हणत तो कागद तिथंच राहिला.

धानाची कापणी संपली की आमच्याकडे थंडीच्या संध्याकाळी फार लांबतात. जंगल जवळ, वाघाची भीती रोजची. दिवेलागणीला गल्ली सामसूम होते. अशाच एका संध्याकाळी लेकीनं क्यूब उचलला. आता ती नववीत आहे. वर्गातल्या मैत्रिणीकडून ती पुरा क्यूब लावायला शिकून आली होती. मी ओरडलेच, "माझी पांढरी बाजू!"

ती हसली. "आई, हे तर मोडाच लागते."

"काऊन? लागली आहे ना एवढी?"

"लागली नाही, फक्त तशी दिसते. बाजूचे रंग पाय ना."

मी पाहिलं. वरून पांढरं, पण त्याच तुकड्यांच्या कडांना निळ्याशेजारी लाल, लालशेजारी हिरवा. लेकीनं समजावलं. क्यूबला बाहेरून चौपन्न चौकोन दिसतात, पण तुकडे सव्वीसच. सहा बाजूंच्या मधोमध असलेले सहा तुकडे जागचे हलत नाहीत, जात्याच्या खुंट्यासारखे. मधला तुकडा ज्या रंगाचा, ती बाजू त्या रंगाची. कडेच्या बारा तुकड्यांना दोन-दोन रंग, कोपऱ्याच्या आठ तुकड्यांना तीन-तीन. म्हणजे एक बाजू रंगवायची नसते, एकेक थर बसवायचा असतो. माझ्या पांढऱ्या बाजूतला एकही तुकडा नीट जागेवर नव्हता म्हणा ना!

खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी तो मोडू दिला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच फिरवला.

मग शिकवणी सुरू झाली. लेक गुरू, मी विद्यार्थिनी. आधी पांढऱ्या रंगाची अधिक खूण करायची, तीही अशी की तिची चारही टोकं बाजूच्या मधल्या रंगाशी जुळली पाहिजेत. मग पांढरा थर खाली धरून त्याचे कोपरे भरायचे. त्यासाठी चार हालचाली: उजवी बाजू वर, वरची ओळ डावीकडे, उजवी खाली, वरची ओळ उजवीकडे. जो कोपरा बसवायचा तो त्याच्या जागेच्या नेमका वर आणायचा आणि एवढंच करत राहायचं. कधी एकदा, कधी तीनदा, कधी पाचदा, पण तो बसतोच. गंमत म्हणजे या चार हालचाली लागोपाठ सहा वेळा केल्या की क्यूब जसा होता तसाच परत येतो. मैत्रिणींनो, करून बघा. लावलेला क्यूबसुद्धा मोडून पुन्हा लागतो.

माझी गाडी मात्र अडायची. हालचाली तोंडपाठ, हात चुकायचा. लेक चिडायची, "आई, तू लय विचार करते!" तेव्हा मला माझी आई आठवली. उन्हाळ्यात पहाटे जंगलातून तेंदूची पानं आणायची आणि दुपारी ओसरीवर बसून पुडे बांधायची. एका पुड्यात सत्तर पानं. शेजारणींशी गप्पा चालू असायच्या, तोंडानं एक आकडा नाही, पण फळीवर नेलेला तिचा पुडा क्वचितच कमी भरायचा. मी विचारायची, "आई, तू मोजते केव्हा?" ती म्हणायची, "हात मोजते." मी डोक्यातले आकडे सोडले. भाजीला फोडणी देऊन झाकण ठेवलं की तेवढ्या वेळात चार हालचाली, पुन्हा चार. आठवड्याभरात हात स्वतःच फिरू लागला.

सासूबाई बघत होत्या. "का व, लेकरावानी खेळून राहिली?" त्यांना मी सांगितलं, हे खेळणं एका प्राध्यापकानं बनवलं आहे. हंगेरीतल्या बुडापेस्टचे एर्नो रुबिक वास्तुकला शिकवायचे. तुकडे सुटे फिरावेत, पण ठोकळा तुटू नये, हे त्यांना जमवायचं होतं. १९७४ साली जमलं. मग त्यांनी क्यूब चार वेळा फिरवला आणि त्यांचा त्यांनाच तो परत लावता येईना! महिन्याहून जास्त दिवस लागले. ज्यानं बनवला त्याची ही गत, तर मूलच्या बाईला तीन महिने लागले म्हणून काय बिघडलं?

अंदाजानं फिरवत बसलं तर जन्मात लागणार नाही. क्यूबच्या मांडण्या किती, तर ४३ लिहून त्यापुढे आणखी १८ आकडे मांडावे लागतात. आणि तरीही कोणतीही मांडणी जास्तीत जास्त वीस हालचालींत सुटते, हे २०१० मध्ये गणितज्ञांनी संगणकाच्या मदतीनं सिद्ध केलं. आपल्यासारख्या नवशिक्यांना शंभरावर लागतात. १९८२ मध्ये बुडापेस्टला पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती २२.९५ सेकंदांत जिंकली गेली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या मॅक्स पार्कनं ३.१३ सेकंदांत क्यूब लावला. या मुलाला लहानपणी स्वमग्नतेचं निदान झालं होतं. बोटांना वळण लागावं म्हणून आईवडिलांनी त्याच्या हाती क्यूब दिला होता.

दुसरा थर जानेवारीत बसला. वरची पिवळी अधिक खूणही आली. मग आली शेवटची पायरी, जिथं मी रडकुंडीला आले. पिवळे कोपरे जागेवर, पण उलटे. ते सरळ करायला पिवळी बाजू वर धरून पुन्हा चार हालचाली: उजवी खाली, खालची ओळ डावीकडे, उजवी वर, खालची ओळ उजवीकडे. दोनदा किंवा चारदा, कोपरा सरळ होईपर्यंत. पण हे करताना खालचे दोन्ही थर विस्कटतात. दोन महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत मोडते! मी दर वेळी घाबरून थांबायची आणि सगळं पहिल्यापासून करायची.

लेक म्हणाली, "आई, थांबू नको. पुरा क्यूब वळवू नको. फक्त वरची ओळ फिरवून पुढचा कोपरा समोर आण आणि तेच कर. खालचं आपोआप येते."

मार्कंड्याच्या जत्रेच्या आदल्या रात्री, सगळे झोपल्यावर, मी थांबले नाही. एक कोपरा, दुसरा, तिसरा. खाली नुसता गोंधळ. शेवटच्या कोपऱ्याच्या शेवटच्या वळणाला विस्कटलेलं सगळं जागेवर आलं. वरची ओळ एकदा फिरवली, आणि सहाही बाजू लागल्या. घड्याळात साडेअकरा. मी लेकीला उठवलं. तिनं अर्ध्या झोपेत पाहिलं आणि म्हणाली, "झालं ना? झोप आता."

मला झोप कुठली? क्यूब ठेवायला कपाटाशी गेले, तर खाली तो कागद.

दुसऱ्या दिवशी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सारं नीट चालू आहे ना? मग काऊन?" रागानं नव्हे, त्यांना खरंच कळेना. मी म्हटलं, "नीट दिसते." त्यावर दोन दिवस घरात बोलणं नव्हतं. रविवारी मी अभ्यासकेंद्रावर गेले तर जेवण कोण वाढणार, सासूबाईंची गोळी कोण देणार, सगळेच प्रश्न खरे होते. पण जुलैत प्रवेश घेतलाच. पहिले काही रविवार घराचा पुरता विस्कोट झाला. भात करपला, गोळी राहिली, धाकट्यानं सासूबाईंशी भांडण काढलं. आता हे वरण-भात लावतात. गोळीचं लेकीकडे आहे. अजून सगळं लागलेलं नाही. परीक्षा व्हायची आहे, इंग्रजीची धास्ती आहेच.

तुमच्या घरी मुलांचा असाच पडून राहिलेला क्यूब असेल, तर जरूर घ्या हाती. एकच सांगते, आधी मुलांना विचारा की त्यांनी तो उघडून परत जोडला होता का. कसाही जोडला तर बारापैकी अकरा वेळा तो कधीच लागत नाही, आणि आपण उगाच स्वतःला दोष देत बसतो.

परवा अभ्यास करत होते. सासूबाई आल्या, कपाटावरचा लागलेला क्यूब उचलला आणि दोन्ही हातांनी कराकरा फिरवून माझ्या पुस्तकावर ठेवला.

"लाव पाहू आता," म्हणाल्या.