पवईची मगर

पवई तलावातली मगर पाहायची तर हिवाळ्यात, ऊन वर येऊ लागले की काठावर नजर ठेवावी. मगरीला अंगाची ऊब बाहेरूनच मिळवावी लागते. रात्र पाण्यात काढून ती उथळ काठावर किंवा खडकावर येते आणि जबडा उघडून तासन्‌तास निपचित पडते. हा धाक दाखवण्याचा प्रकार नव्हे. तापलेल्या अंगातली उष्णता तोंडावाटे बाहेर टाकण्याची ती सोय आहे. पाण्यात मात्र तिचे डोळे आणि नाकपुड्या एवढेच वर राहतात आणि बघणारा ओंडका समजून नजर पुढे नेतो. ओंडका वाऱ्याच्या दिशेने सरकतो, मगर वाऱ्याच्या उलटही जाते; ओळखण्याची खूण हीच.

मुंबईला पाणी पुरवण्यासाठी मिठी नदीच्या एका उपनदीवर बांध घालून १८९१ मध्ये हा तलाव झाला. पण त्याचे पाणी पिण्यालायक ठरले नाही. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे शेजारचे तलाव आजही शहराची तहान भागवतात, म्हणून तिथे मुक्त प्रवेश नाही. पवईला तसा पहारा उरला नाही. काठाने रहदारीचा रस्ता गेला, गणपती विसर्जनाचा घाट झाला, १९५८ मध्ये आयआयटी आली. पाणी नापसंत झाले म्हणूनच मगर सर्वसामान्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

सांडपाण्यातल्या खतावर इथे जलपर्णी माजते. तिच्या पानांवरून कमळपक्षी लांबलचक बोटे पसरून सहज चालतो, जांभळी पाणकोंबडी देठ खुडत हिंडते. बुडी मारून मासे धरणाऱ्या पाणकावळ्याला मात्र मोकळे पाणी लागते. त्यामुळे जलपर्णी काढण्याची मोहीम झाली की काठावरची पाखरेही बदललेली दिसतात.

मगरीची मादी पाण्यापासून थोडे वर, मातीत खड्डा करून साधारण पंचवीस-तीस अंडी घालते. पिल्लू नर निघणार की मादी, हे घरट्याच्या तापमानावर ठरते. तेव्हा कच्चा काठ ही तिची निकड आहे. महापालिकेने तलावाकडेने आखलेला सायकल मार्ग मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवला आणि केलेले काम काढून जागा पूर्ववत करायला सांगितले.

पवईची मगर काठावरून पायीच पाहता येते, पण गाडीत बसून प्राणी पाहण्याची पद्धत जगभर आहे, कारण पायी माणसापेक्षा गाडीला प्राणी कमी बिचकतात. तरी तिलाही मर्यादा घालावी लागते. अलास्कातल्या देनाली उद्यानात उन्हाळ्यात खासगी गाडी पहिल्या २४ किलोमीटरपर्यंतच जाते, पुढे बस. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही वाघ-सिंह पाहायचे ते जाळीच्या बसमधूनच. बिबट्या त्या बसच्या वेळापत्रकात बसत नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलातून तो रात्री आयआयटीच्या आवारापर्यंत येतो. कचऱ्याभोवती जमणारी कुत्री हे त्याचे एक मोठे खाद्य. त्यामुळे त्याला पकडून दूर सोडणे हा उपाय टिकत नाही. कचरा आणि कुत्री तशीच राहिली, तर रिकाम्या झालेल्या इलाख्यात दुसरा बिबट्या येतो.